दारापासून पंगतीपर्यंत

गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. आपल्याकडे हाच प्रश्न सरकारदरबारी पोचला तो १८५६ मध्ये. धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने कबूल केले, आणि तरीही हात झटकले. एकट्यासाठी बाकीचे शिक्षण कशाला धोक्यात घाला, हा हिशेब. वरून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कान उपटले, तेव्हा कुठे १८५८ मध्ये जाहीर झाले की, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. १८८२ च्या हंटर आयोगाने हे तत्त्व उचलून धरले, पण गावाचा विरोध असेल तिथे वेगळ्या शाळा काढण्याची पळवाटही ठेवली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, तेव्हा शाळेचे दार कागदोपत्री बेचाळीस वर्षे उघडे होते. आत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. नळाला हात लावायची सोय नव्हती. नळ उघडून देणारा शिपाई हजर नसेल त्या दिवशी पाणीही नाही. दार उघडणे एका हुकुमाने होते. मुलांना शेजारी शेजारी बसवायला मात्र कोणाला तरी रोज राबावे लागते, आणि ते राबणे थांबले की मुले पुन्हा वेगळी होतात. गेल्या दीडशे वर्षांतला आपला अनुभव मला तरी हेच सांगतो.

हे राबणे कसे असते, याचे उदाहरण कराडशेजारच्या मलकापूरकरांना लांब शोधावे लागत नाही. कराड तालुक्यातल्याच काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घालण्याचा हुकूम काढला. वसतिगृहांच्या बाबतीत मात्र महाराजांनी दुसरी वाट धरली होती. मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे, अस्पृश्यांचे अशी जातवार बोर्डिंगे त्यांनी उभी केली, आणि त्या काळी त्याला कारणही होते. प्रत्येक समाजाकडून पैसा आणि माणसे उभी राहायची, तर त्याला आपले म्हणता येईल असे घर हवे होते. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनी पुढची पायरी घेतली. १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांच्याच नावाने बोर्डिंग काढले आणि त्यात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवली. मुलांनी स्वतः दळायचे, स्वयंपाक करायचा, शेतात राबायचे आणि एका पंगतीत जेवायचे. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. समतेवर तिथे व्याख्याने झाली असतीलही. पण ज्याने भाकरी थापली त्याच्या हातची भाकरी खाणे, हा धडा व्याख्यानाने येत नाही. शाळेच्या वर्गात पाच तास शेजारी बसून जे होत नाही, ते एका चुलीवर वर्षभर राहून होते, हे भाऊरावांनी, म्हणजे सर्वांच्या अण्णांनी, ओळखले होते. म्हणून त्यांच्या कामात शाळेआधी बोर्डिंग येते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो एकत्र शिकण्याला विरोध करणाऱ्यांकडून आलेला नाही. अमेरिकेतल्या काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्येच विचारले होते की, जिथे मुलाचा रोज अपमान होतो त्या मिश्र शाळेपेक्षा, जिथे शिक्षक त्याला माणूस समजतात अशी वेगळी शाळा वाईट कशी? पुढे घडलेही तसेच. दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा एकत्र झाल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या, आणि हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली तीही आपल्या मुलांना मान खाली न घालता शिकता यावे म्हणूनच. पण तिच्या महाविद्यालयांची दारे सर्वांना उघडी होती, हे विसरता येत नाही. मुलाचा मान राखणारी शाळा आणि मिश्र शाळा यांतली एकच निवडा, ही अडचण मिश्र शाळा वाईट रीतीने चालवल्याने येते. शिवाय हिशेबही पाहावा. रकर जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या त्या पिढीचा मोठेपणापर्यंत माग काढला. एकत्र शाळांत जास्त वर्षे गेलेली काळी मुले अधिक शिकली, अधिक कमावती झाली, तुरुंगात कमी गेली. गोऱ्या मुलांचे काही बिघडले नाही. मात्र यातला मोठा वाटा शाळांवर वाढलेल्या खर्चाचा होता. नुसते बाक जोडून हे घडत नाही.

अमेरिकेतले राबणे थांबले त्याला निमित्त झाले १९७४ मधले डेट्रॉइटचे प्रकरण. गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली होती, आणि न्यायालयाने त्या उपनगरांना शहराच्या शाळा एकत्र करण्याच्या योजनेत ओढायला नकार दिला. आपल्याकडे गाव सोडायचीही गरज पडली नाही. कराडला खेटून, महामार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढलेल्या मलकापुरासारख्या गावात ज्याला परवडते त्याचे मूल पिवळ्या बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत उरतात ती मजुरांची, ऊसतोडीच्या आणि बांधकामाच्या निमित्ताने आलेल्यांची, गावातल्या गरिबांची मुले. यात जात कोणी विचारत नाही. फी विचारली की पुरते. गंमत अशी की, अण्णांना ज्यासाठी दागिने मोडावे लागले ती पंगत आता पोषण आहाराच्या रूपाने सरकारी शाळेत रोज बसते. ज्यांनी त्या पंगतीत बसायला हवे होते, ते डबा घेऊन दुसरीकडे गेले.

पालक म्हणतील, आम्ही जातीसाठी गेलो नाही, चांगल्या शिकवण्यासाठी गेलो. खरे आहे, आणि एकेका पालकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण बोलणारा, तक्रार करणारा, मुख्याध्यापकाला जाब विचारणारा वर्ग निघून गेला की मागे राहिलेली शाळा आणखी ढिली पडते, आणि मग तिचे ढिलेपण हेच निघून जायचे कारण ठरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या, त्या हे चक्र थोडे तरी अडवण्यासाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. मलकापुरासारख्या दाट वस्तीत अशी शाळा जवळ नसलेली जागा सापडणेच अवघड, म्हणजे व्यवहारात तरतूद संपलीच. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दार पुन्हा उघडले, १८५८ सारखेच.

आतमध्ये काय होते, याची एक चांगली पाहणी दिल्लीत झाली आहे. तिथल्या महागड्या खासगी शाळांत गरीब मुले आल्यावर श्रीमंत मुलांचे काय झाले, हे गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तपासले. गणितात आणि हिंदीत फरक पडला नाही, इंग्रजीत किंचित घसरण दिसली. मात्र ही मुले अधिक वाटून खाणारी झाली, आणि धावण्याच्या शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब मुलाला केवळ गरीब म्हणून टाळणे कमी झाले. हा बदल मुख्यतः घडवला तो प्रत्यक्ष सहवासाने. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाडलेले होते, त्यामुळे कोणाच्या वाट्याला कोण येईल हे पालकांच्या हातात नव्हते. ज्यांच्या गटात गरीब मूल आले, त्यांच्यात फरक दिसला. हजेरीपटावरून गट पाडायला शाळेला एक पैसाही लागत नाही.