बाकावरून पाळण्यात

चिंचोळी एमआयडीसीत वर्षानुवर्षं पाळ्या केलेला कामगार निवृत्त झाला, की जोडीनं जायची ठिकाणं ठरलेली: तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट. तिथं जरूर जावं. पण खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणूक उद्यानाचं नाव काढलं, की दोघंही म्हणतात, "हे काय आमचं वय?"

गंमत अशी, की डिस्नेलँडची कल्पना बाकावर बसून कंटाळलेल्या एका बापाला सुचली. वॉल्ट डिस्ने मुलींना बागेत न्यायचे. मुली फिरत्या घोड्यांवर, हे बाकावर. आईबापांनाही खेळता येईल अशी जागा का नसावी, या विचारातून १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभं राहिलं.

आपल्याकडचे कितीतरी आईबाप तर आयुष्यभर बाकावरच बसले. रात्रपाळी, मुलांची फी, लग्नकार्यं! आता वेळ आहे. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट आहे, महिलांना तर त्याआधीही. गुडघे आणि रक्तदाब सांभाळून बेताचा पाळणा निवडा, एक रात्र इमॅजिकातच मुक्काम करा. नातवंडांच्या सुट्टीची वाट बघू नका. मुलांसाठी राबलेल्या दोघांनी स्वतःसाठी हसण्यात चैन कसली? तो तर थकलेला पगार आहे, वसूल करा.