मुलांशी बोलण्याच्या चार वेळा

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४-९



मोशेने इस्राएल लोकांस देवाच्या आज्ञा सांगितल्या, तेव्हा त्या मुलांना केव्हा शिकवाव्या हेही सांगितले. याजकाचे किंवा निवासमंडपाचे नाव त्याने येथे घेतले नाही. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना, अशा चार वेळा त्याने आईबापांना नेमून दिल्या. आता आपले घर पाहा. जेवताना ताटाशेजारी मोबाईल, बसमध्ये कानाला मोबाईल, निजताना उशाशी मोबाईल, आणि सकाळी डोळे उघडताच हात प्रथम त्याच्याकडेच जातो. मोशेने नेमलेल्या चारही वेळा गेल्या!

मुलांवर रागावण्यापूर्वी एवढे आठवावे, की २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी मोबाईल आपणच त्यांच्या हाती दिला. बाळ रडू नये, मुकाट्याने जेवावे, म्हणून तर त्याआधीही देत होतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ पडद्यापुढे बसू नये, आणि तोही कमी असेल तितका बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. ते ऐकणार कोण? घरातील मोठी माणसेच मान वर करीत नाहीत.

आपल्या धार-देवासकडे आणखी एक नुकसान आहे. पवारांच्या राज्यांबरोबर मराठी इकडे आली आणि घराघरांत टिकली. परंतु रस्त्यावर हिंदी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी. मुलांच्या कानी मराठी शास्त्र पडते ते बहुधा घरच्या सायंप्रार्थनेत. ती बंद पडली, की आजीच्या प्रार्थनेची भाषाच मुलाला परकी होते.

हे मी दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखवून लिहीत नाही. एके संध्याकाळी माझी मुलगी शब्बाथशाळेचे पाठांतर करीत होती. तिने विचारले, "बाबा, कनवाळू म्हणजे काय?" मी मोबाईलवर मंडळीतील लोकांना दुसऱ्या दिवशीचे सुवचन पाठविण्यात गुंतलो होतो. म्हणालो, "थांब जरा." अर्ध्या तासाने विचारले तर म्हणाली, "मिळाला अर्थ. दयालु." तिने आईच्या फोनवर पाहिले होते. अर्थ बरोबरच होता. पण आमच्या गल्लीतला कंपाउंडर मध्यरात्री पावसात आजीला इंजेक्शन द्यायला आला, आणि आजी त्याला जन्मभर कनवाळू म्हणत राहिली, हे फोन तिला कसे सांगणार? ते माझ्यापाशी होते, आणि मी चाळीस जणांना सुवचने वाटीत बसलो होतो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत दीड तास अभ्यास, वाचन, बोलणे. आधी महिलांची ग्रामसभा घेतली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक दारोदार समजावीत फिरले. भोंगा देवळावरचा म्हणून आपण नाक मुरडू नये. आपल्या कित्येक मंदिरांनाही घंटा आहे. ती रविवारखेरीज वाजते का?

एकट्या घराला हे जड जाते, हे त्या गावाने ओळखले. "सगळ्यांचे चालू आहे, माझाच का बंद?" या मुलाच्या प्रश्नाला एकटा बाप काय उत्तर देणार? दहा कुटुंबांनी मिळून एक वेळ ठरविली, तर तो प्रश्नच उरत नाही. पाळक आणि वडीलमंडळी यांनी हे मनावर घ्यावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. पाठांतराचे वचन मोबाईलवर पाठवू नका. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मुलाच्या हाती द्या, आणि खाली एक प्रश्न लिहा, ज्याचे उत्तर आईबापांनाच विचारावे लागेल. त्यांच्या लहानपणी घरी प्रार्थना कोण करीत असे, असा एखादा.

आमच्या घरी आता साडेसातला सगळे मोबाईल पोळ्यांच्या जुन्या डब्यात जातात. पहिल्या दिवशी काय बोलावे हेच कोणाला सुचेना. डब्यात दोनदा घंटी वाजली आणि दोन्ही वेळा मीच उठू लागलो. मुलगी हसली. मग म्हणाली, "बाबा, त्या कंपाउंडरकाकांचे नाव काय होते?"