दाखला लिहिताना

चिंतामणी, बाकीच्या देवांकडे चढून जावं लागतं, तुझ्याकडे उतरून यावं लागतं. कळंबच्या बाजारातून येणारा माणूस पायऱ्या उतरतो, उन्हातून एकदम गारव्यात येतो, कुंडात डोकावतो आणि मग दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या तुझ्यासमोर हात जोडतो. मी आज तिथवर आलेले नाही. शाळेच्या ऑफिसात बसून, टेबलावर दाखल्यांचं पुस्तक उघडं ठेवून तुझ्याशी बोलते आहे. लाइट सकाळीच गेली, पंखा बंद आहे, घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधलाय. एवढ्यावर चालवून घे.

22 दाखले लिहायचे आहेत. आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत. पुढे हायस्कूल, म्हणजे तालुक्याचं गाव, म्हणजे फाट्यापर्यंत पायी आणि तिथून एसटी. मुलांची नावं तुला सांगत नाही, तुला ठाऊक आहेत. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. एकाच्या नावापुढे ‘चांगली’ लिहिताना हसू आलं. मागच्या पावसाळ्यात त्याने वर्गात बेडकं सोडली होती. पण उंदीर घेऊन फिरणाऱ्या देवाकडे ही तक्रार काय करायची!

जन्मतारीख अंकात आणि अक्षरात लिहावी लागते. या रकान्यापाशी माझा हात सांभाळ. मागे एका मुलीच्या दाखल्यावर अक्षरातली तारीख चुकीची लिहिली मी. दुरुस्तीसाठी तिच्या बापाने मजुरी पाडून तीन चकरा मारल्या. चूक माझी आणि चकरा त्याच्या. तो एका शब्दाने बोलला नाही, उलट शेवटच्या चकरेला पिशवीभर वाल घेऊन आला. ते वाल मला अजून टोचतात.

आणि मग तो रकाना: शाळा सोडल्याचे कारण. ‘पुढील शिक्षणासाठी.’ 22 वेळा तेच. कागदावर मूल आज आमच्याकडून सुटलं. पोर्टलवर ते ड्रॉपबॉक्समध्ये जाऊन पडेल आणि नवी शाळा उचलून घेईपर्यंत तिथेच राहील. मधल्या दिवसांत मूल कुणाचं, देवा? आमचं नाही, त्यांचंही नाही. तेवढे दिवस तू सांभाळ.

तुला कदाचित वाटेल, आठवीतून नववीत जाण्यात एवढं काय मोठं? सांगते. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना धरतो. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, गणवेश आठवीपर्यंत, दुपारची खिचडीही आठवीपर्यंत. ज्यांनी ही रेघ ओढली त्यांच्या घरी चौदा वर्षांचा पोरगा नसावा. त्या वयाच्या पोट्ट्याला लागणारी भूक बघितली असती, तर खिचडी निदान दहावीपर्यंत पोचली असती.

नववीत पुस्तकं विकत घ्यायची. मराठीची ‘बालभारती’ जाऊन ‘कुमारभारती’ येते, म्हणजे एका सुटीत मूल कुमार होतं. गणिताच्या एका पुस्तकाची दोन होतात. ‘सामान्य विज्ञान’ जाऊन ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ येतं. सेमी इंग्रजीच्या तुकडीत बसलं तर त्रिकोणाचा ट्रँगल होतो. आणि हा सगळा खर्च येतो नेमका पेरणीच्या दिवसांत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तोवर घरातला पैसा कपाशीच्या बियाण्यात गेलेला असतो. एका पाकिटाला नऊशेच्या आसपास पडतात आणि एका पाकिटात काही वावर भागत नाही. पाऊस दगा देऊन गेला की दुबार पेरणी. अशा घरात पोरगा बापाजवळ वह्यांचे पैसे मागत नाही. बाप ‘नाही’ म्हणेल याची भीती नसते, ‘हो’ म्हणून कुठून तरी उचलून आणेल याची असते.

म्हणून पहिलं मागणं पावसाचं. तू पावसाचा देव नाहीस, पण तुझ्या कुंडात इंद्राच्या अंकुशाने पाणी आलं असं सांगतात, तेव्हा ओळख आहे तुझी. एक शब्द टाक त्याच्याकडे.

पासाचं मी बघितलं आहे. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. जिल्ह्यात काही भागांत मानव विकासची निळी बस मुलींना नेते-आणते. मुलांना सवलत आहे, पण तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. एकीने एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा काढली आहे. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतील, पण नव्या शाळेतून वेळेत फॉर्म भरला गेला तर. तिच्या आईने मला विचारलं, ‘पैसे भेटतीन तवालोक लग्नाचं कोनी काढनार नाही ना?’ मी ‘नाही’ म्हटलं. देवा, मी तुझ्या भरवशावर बोलले.

हे सगळं कागदांचं झालं, आणि कागद माणसाला जमतात. ज्याच्यासाठी तुला हाक मारली ते वेगळं आहे.

तीन वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी. अपूर्णांक त्याच्याइतके स्वच्छ कुणी मांडत नव्हतं. बोलायचा मात्र नाही. घर पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, घरची भाषा कोलामी, वर्गात मराठी ऐकायचा आणि डोळ्यांनी उत्तर द्यायचा. मला ते डोळे वाचता यायचे. कपाळाला आठी पडली की मी समजायचे, इथे अडलंय, आणि फळ्याकडे वळून तेच पुन्हा, वेगळ्या तऱ्हेने सांगायचे. अभिमान होता मला त्याचा. विचारण्याआधी ओळखणारी मॅडम!

तो नववीत गेला आणि दिवाळीला थांबला. मला कळलं ते वेचणीच्या दिवसांत. कमरेला कापसाची ओटी बांधून तो ओळीत चालला होता. मी बांधावर उभी राहून विचारलं, काहून रे सोडली शाळा? बराच वेळ बोंडं वेचत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, सरायनं इचारलं, समजलं का? सारे हो म्हणाले. मंग म्या बी हो म्हटलं.’

एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. त्या वर्गात साठ-पासष्ट पोरं, सरांना पुढच्या तासाची घाई. त्यांनी विचारलं तरी, हेच पुष्कळ. पण पहिल्या ‘हो’नंतर दुसरा म्हणावा लागतो, दुसऱ्यानंतर तिसरा, आणि चाचणीचे पेपर आले तेव्हा चार महिन्यांचे ‘हो’ त्याच्यासमोर उभे राहिले.

चिंतामणी, तो दोष माझ्या पदरात घाल. मी त्याच्या कपाळाची आठी वाचत बसले आणि त्याला ‘नाही समजलं’ हे दोन शब्द बोलायची वेळच येऊ दिली नाही. आपल्या माणसात न बोलता भागतं. परक्या गावात नाही भागत.

या वर्षी मार्चपासून मी शनिवारी खिचडीनंतर 22 जणांना थांबवून घेतलं. मी बाबू व्हायचे, खिडकी म्हणून दाराची वरची फळी उघडायची आणि पलीकडून एकेकाने बोनाफाईड मागायचं. मुद्दाम वरती बघत नव्हते मी. ‘उद्या ये’ म्हणायचे. पहिल्या शनिवारी सगळे ‘हो’ म्हणून निमूट परत गेले. दुसऱ्या शनिवारी बेडूकवाल्याने विचारलं, ‘उद्या रविवार हाय ना बाबूजी?’ त्याला मी त्याच क्षणी नापास होण्याच्या भीतीतून मुक्त केलं. कंडक्टरही मीच झाले: ‘पुढं सरका’ म्हणून ओरडले. तांड्यावरची एक पोरगी, जी आठ वर्षांत माझ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती, ती म्हणाली, ‘भाऊ, मले उतरायचं हाय, सरकू कुठं?’

सगळ्यात अवघड तालीम शेवटची होती. फळ्यावर मी नववीचं एक गणित सोडवायचं, भरभर, पाठ फिरवून. मग विचारायचं, समजलं का? नियम एकच. ज्याला नाही समजलं त्याने उभं राहून तसं सांगायचं. चार शनिवार कुणी उठलं नाही. बावीस तोंडांतून एकच ‘हो’. पाचव्या शनिवारी पोडावरच्या दोघांपैकी धाकटा उठला, बाकाला घट्ट धरून, नखं पांढरी होईस्तोवर. पहिल्यांदा त्याच्या तोंडून कोलामीच निघालं. मग थांबून मराठीत म्हणाला, ‘दुसऱ्या वळीपासून नाही समजलं.’ वर्ग हसला. मी हसले नाही, पण चुकूनही शाबासकी दिली नाही, कारण तिथे ती कुणी देणार नाही. फक्त दुसऱ्या ओळीपासून पुन्हा सांगितलं.

एप्रिलमध्ये त्यांना हायस्कूल दाखवून आणलं. पाण्याची टाकी कुठे, मुलींचं संडास कुठे आणि त्याला आतून कडी लागते का, हे आधी बघितलं, वर्ग नंतर. येताना तुझ्याकडे उतरलो. तुला दिसलेच असतील, बावीस जण, चपला हातात, कुंडाच्या काठावर गप्प. तुझ्या पायांना पाणी लागतं ना काही वर्षांनी, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, लोक तसं सांगतात. ‘मंग देव काय करते?’ मला उत्तर आलं नाही. बसून राहतो म्हटलं.

तर देवा, आता यादी ऐक. आमच्याकडे कुणालाही ‘बाप्पा’ म्हणायची पद्धत आहे, काय बाप्पा, कसं बाप्पा; पण मी तुलाच म्हणते आहे. ड्रायव्हरला फाट्यावर हात दाखवणारी मुलं दिसू दे, जागा नसली तरी. पहिल्या आठवड्यात तांड्यावरचीच्या बोलण्याला कुणी हसलं तर तिला त्या क्षणी मुतारीकडे पळून जावंसं वाटू नये. डबा नसेल त्या दिवशी कुणीतरी अर्धी भाकर पुढे करू दे, आणि घेणाऱ्याला ती घेता येऊ दे. बेडूकवाल्याला पहिल्या महिन्यात तरी बेडूक सापडू देऊ नकोस. त्यांच्या नव्या मास्तरांना, जे माझ्याइतकेच दमलेले असतात आणि ज्यांच्या वर्गात माझ्या तिप्पट मुलं आहेत, ‘समजलं का’ विचारल्यावर एक श्वासभर थांबायची बुद्धी दे. आणि त्या एका श्वासात माझ्या एखाद्या पोराला उभं कर.

लाइट आली. पंख्याने दाखले उडतायत, त्यांच्यावर डस्टर ठेवते.

एक दाखला मात्र या गठ्ठ्यात नाही. तो तीन वर्षांपूर्वीच लिहून दिला. पण सतरा नंबरचा फॉर्म असतो, शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसण्यासाठी. त्याला लागणाऱ्या कागदांची यादी मी करून ठेवलीये, ड्रॉवरमध्ये. आज संध्याकाळी पोडावर जाणार आहे. या वेळी मी त्याच्या कपाळाकडे बघून काही ठरवणार नाही, त्याला तोंडाने विचारीन आणि त्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसेन. चिंतामणी, पेरणीचे दिवस आहेत. मी पोचेन तेव्हा तो वावरातून परत आलेला असू दे.