मारीचाची हाक

मारीच म्हटले की सोनेरी हरीण आठवते. पण खरा घात केला तो त्याच्या आवाजाने. बाण लागल्यावर त्याने हुबेहूब रामाच्या आवाजात हाक मारली आणि लक्ष्मण सीतेला एकटे सोडून धावला. जून २०२० मध्ये भारतीय नौदलाने टॉर्पेडोपासून युद्धनौका वाचवणारी यंत्रणा ताफ्यात घेतली. तिचे नाव ‘मारीच’!

आजचे बहुतेक टॉर्पेडो कानाने शिकार करतात. जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकतात, किंवा स्वतः ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपतात. जहाजामागे केबलने ओढली जाणारी श्रवणयंत्रांची माळ टॉर्पेडोची चाहूल देते. मग पाण्यातला डिकॉय, म्हणजे फसवे यंत्र, जहाजासारखा आवाज काढतो. टॉर्पेडो त्या आवाजाकडे वळतो आणि जहाजाला निसटायला वेळ मिळतो.

फसवून जीव वाचवणे हा धर्म की अधर्म?

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ च्या निबंधात लिहिले की, मित्राच्या जिवावर उठलेला खुनी दारात आला तरी त्याच्याशी खोटे बोलू नये. महाभारत वेगळे सांगते. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट ऐकवतो. सत्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट दाखवली. ती माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला.

कांटचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. शब्दावरचा विश्वास उडाला तर माणसांत उरतेच काय? म्हणूनच जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलने रेघ नेमकी तिथे ओढली आहे. शरणागतीचे सोंग करून मारणे हा विश्वासघात, म्हणून निषिद्ध. डिकॉय मात्र मान्य. टॉर्पेडोला कोणी शब्द दिलेला नसतो, त्यामुळे मोडायला विश्वासच नसतो.

आणखी एक फरक आहे. रामायणातल्या मारीचाने रक्षणकर्त्याला दूर नेले. हा मारीच मारेकऱ्याला दूर नेतो. विद्या तीच, दिशा उलटी.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या टॉर्पेडोने ‘आयएनएस खुकरी’ काही मिनिटांत बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या रात्री पाण्यातल्या एखाद्या खोट्या हाकेने ती माणसे वाचली असती, तर त्या हाकेला पाप म्हणणे ही कौशिकाचीच चूक ठरली असती.