परोक्ष गिऱ्हाईक

येवल्याच्या हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीस जोड सापडणे दुर्मीळ. रंग तोच, काठ तोच, पदरावरचे मोरही तितकेच असले तरी विणकराचा हात बदलला की नगाचा तजेला बदलतो, आणि म्हणूनच अशा मालाचा व्यापार करणाऱ्या पेढीच्या दप्तरात नगापुढे शिल्लक म्हणून बहुधा एकाचाच आकडा मांडलेला असतो. आता अशी एक पैठणी गादीवर घडी मोडून एका बाईंपुढे पसरली आहे, पदर त्यांच्या खांद्यावर आहे, नोकराने आरसा पुढे धरला आहे, आणि त्याच घटकेस नागपुरास बसलेल्या दुसऱ्या कोणा बाईंनी तिचेच छायाचित्र मोबाइलवर पाहून पैसे भरून टाकले आहेत, अशी कल्पना करावी. ती पैठणी कोणाची? दुकानातले बिलाचे यंत्र आणि ऑनलाइन दुकान एकमेकांस जोडावे की नाही, हा प्रश्न वरकरणी सोयीचा आणि खर्चाचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात हा धर्माधर्माचा प्रश्न आहे, आणि येथे विचार त्याचाच कर्तव्य आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते ऐकावे. 1930 च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे, देण्याजोग्या स्थितीतला ठराविक नग बिनशर्त कराराने विकला गेला की एरवी मालकी करार होताच गिऱ्हाइकाकडे जाते, मग पैसे वा ताबा मागाहून देण्याचे का ठरेना. परंतु माल नुसत्या वर्णनावर विकला असेल, तर कोणता नग द्यावयाचा हे निश्चित होईतो मालकी बदलत नाही. नैयायिकांचा जाती आणि व्यक्ती यांचा विवेक येथे सरकारी पोशाखात उभा आहे म्हणा ना! मिठाची पिशवी मागणारा जाती मागतो, एक संपली तर दुसरी घेऊन संतुष्ट होतो. पैठणी निवडणारी बाई व्यक्ती निवडते, आणि तिला पर्याय नसतो. कित्येक दुकाने, माल रवाना होईतो करार झाला असे समजू नये, अशी अट बारीक अक्षरांत घालून मोकळी होतात. ही पळवाट कायद्यास चालत असेल; सज्जनास चालू नये.

जोडणी नसलेल्या पेढीत दोन दप्तरे दोन वेगळ्या साक्षी देत असतात. पैठणीस दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवरचा बारकोड वाचून बिल झाले की गल्ल्याजवळच्या दप्तरी एकाचे शून्य होते. ऑनलाइन दुकानात मात्र, रात्री कोणी कारकून दोहोंची रुजवात घेईतो, ती पैठणी विक्रीस हजर असते आणि वचने देत राहते. जोडणी झाली म्हणजे शिल्लक एकच उरते : इकडे बिल झाले की तिकडचा नग मावळतो, तिकडे पैसे जमा झाले की इकडचे यंत्र त्या नगाचे बिल करण्यास नकार देते. तथापि जोडणीही तुटते. अशा वेळी गल्ल्यावरची पुष्कळ यंत्रे इंटरनेटवाचून बिले करीतच राहतात आणि संपर्क आल्यावर मागाहून रुजू होतात. एरिक ब्रूअर या संगणकशास्त्रज्ञाने 2000 साली मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी 2002 साली सिद्ध केलेला सिद्धान्त असा की, दोन ठिकाणच्या दप्तरांमधला संपर्क तुटला असता, प्रत्येक विचारणाऱ्यास उत्तरही द्यावे आणि ते खरेही असावे, ही दोन्ही व्रते एकदम पाळता येत नाहीत. जेथे निवड आली तेथे यंत्राची जबाबदारी संपून मालकाची सुरू झाली.

मालक काय निवडील हे सांगण्यास ज्योतिषी नको. समोर बसलेल्या बाईंची भीड असते; त्यांचा हिरमुसलेला चेहरा दिसतो, त्यांच्या सोबतच्या जाऊबाईंचे टोमणे ऐकू येतात; नागपूरच्या बाईंस मात्र, माल शिल्लक नाही, पैसे परत केले आहेत, असा दोन ओळींचा निरोप धाडला की प्रकरण दप्तरी दाखल होते. म्हणजे न्याय मिळतो तो प्रत्यक्ष असण्याला, आणि परोक्ष असणे हाच गुन्हा ठरतो. एकनाथांनी देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागून काढली, ही आख्यायिका कीर्तनकार सांगतात ती स्वामींच्या उत्तरासाठी. पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा! मला तीत दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. त्या पैचा धनी समोर बसून तगादा लावीत नव्हता, आणि तरीही ती जागी लागेतो एकनाथ उठले नाहीत. हिशेबाचे धर्मकार्य म्हणतात ते हेच असावे : जो येथे नाही त्याच्या हक्काचे रक्षण, आणि तेही भीड पडण्यापूर्वी.

तेव्हा माझा निकाल सरळ आहे. पैसे ज्यांनी आधी भरले, पैठणी त्यांची. समोरच्या बाईंच्या खांद्यावरून पदर उतरवून घेण्याचा अवघड प्रसंग मालकाने स्वतः उठून, हात जोडून निभवावा, नोकरावर ढकलू नये. आणि संपर्क तुटला असेल तोवर ज्या मालाची शिल्लक एकच आहे तो दोहोंपैकी एकाच ठिकाणी विकावा, दुसरीकडे झाकून ठेवावा. त्यात एखादे गिऱ्हाईक परत गेले तर खुशाल जाऊ द्यावे.