प्रमाणपत्र आणि साक्ष

मनुष्याच्या कसबाची साक्ष कोणी द्यावी, हा प्रश्न फार जुना आहे. सुताराची साक्ष त्याने घडविलेला पाट देतो, वैद्याची साक्ष बरा झालेला रोगी. परंतु काही कामे चांगली झाली तर कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. बिघडली तरच जगाला कळतात. संगणकांचे जाळे उभारून ते सांभाळणाऱ्या नेटवर्क अभियंत्याचे काम या जातीचे आहे. त्याच्याजवळ दाखवायला वस्तू नसते, असते ते प्रमाणपत्र. त्या कागदाचे मोल काय, याचा विचार आपल्या अनेक कुटुंबांना करावा लागतो. कारण मुलामुलींना हा मार्ग सुचविला जातो आणि त्यासाठी आईवडील पदरमोड करतात.

सिस्को या अमेरिकन कंपनीने १९९३ साली सीसीआयई ही उच्च परीक्षा सुरू केली. तिचा प्रात्यक्षिक भाग आजही आठ तासांचा असतो. नवोदितांसाठी १९९८ साली सीसीएनए आली. तिचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक आहे. क्लासची फी वेगळी. एवढे करून मिळालेले प्रमाणपत्र तीनच वर्षे टिकते. पुढे पुन्हा परीक्षा देऊन किंवा नवे शिक्षण घेऊन त्याचे नूतनीकरण करावे लागते. हा व्यापार नव्हे काय, असे कोणी विचारले तर त्यात व्यापार आहेच, असे आम्ही म्हणू. पण तेवढेच म्हणून थांबणे न्यायाचे होणार नाही.

धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या गावातील मुलाचा विचार करावा. शहरातील कचेरीत त्याचा मामा नाही की काका नाही. त्याच्या महाविद्यालयाचे नाव मुलाखत घेणाऱ्याने ऐकलेले नाही. अशा मुलाच्या हाती जगभर एकाच मापाने मोजले जाणारे प्रमाणपत्र असले, तर आडनाव, ओळख आणि वशिला यांचे वजन तेवढ्यापुरते कमी होते. परीक्षा घेणारे यंत्र जात विचारीत नाही. गरिबाला मिळणारा हा न्याय लहान नव्हे.

आणि निव्वळ अनुभव पुरेसा असतो, असेही नाही. याचा दारुण धडा त्याच भूमीने दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. यांपैकी सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे. तिथल्या भिंती चांगल्या जाडजूड होत्या. परंतु दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये मातीची भर, अशी त्यांची रचना असे. दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी नव्हते. हादरा बसताच भिंती फाकल्या आणि वरचे मातीचे जड धाबे कोसळले. यात गवंड्यांचा अप्रामाणिकपणा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पद्धतीत ते ज्ञानच नव्हते. पुढे पुनर्वसनाच्या काळात ते गवंड्यांना शिकविण्यात आले. म्हणजे कसबालाही तपासून घेतलेल्या विद्येची जोड लागते.

परंतु हीच भिंत दुसरेही काही सांगते. बाहेरून धड दिसणे आणि आतून धड असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. या परीक्षांचे खरे प्रश्न चोरून विकणारे लोक आहेत आणि ते पाठ करून उत्तीर्ण होणारेही आहेत. ‘सगळेच करतात’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. आम्हांस हा विषय आठव्या आज्ञेचा वाटतो. जे आपल्याला येत नाही ते येते, असे लिहून दाखविणे ही खोटी साक्ष आहे. आणि ती शेजाऱ्याविरुद्धच असते. हा शेजारी कोण? आज रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, बँकेचा व्यवहार, दाखले देणारे केंद्र, सारे या जाळ्यावर चालते. ते बंद पडले, तर मजुरी बुडवून रांगेत उभी राहिलेली बाई रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. खोट्या प्रमाणपत्राची किंमत तिने मोजलेली असते.

खरे प्रमाणपत्रही माणसाला निर्दोष करीत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे सुमारे सहा तास जगभर ठप्प झाले. नित्याच्या देखभालीत दिलेली एक चुकीची आज्ञा आणि ती अडवू न शकलेली तपासणीची सदोष व्यवस्था, एवढेच त्याचे कारण. तेथे तज्ज्ञांची वाण नव्हती. तेव्हा विद्येबरोबर सावधपणा हवा, आणि सावधपणाची परीक्षा कोणतेही केंद्र घेत नाही.

संत पौलाने करिंथकरांना विचारले होते, की आम्हांला शिफारसपत्रांची गरज आहे काय? तुम्हीच आमचे पत्र आहात, असे तो त्यांना सांगतो. आणि तोच पौल रोमकरांना लिहिताना भगिनी फिबीची आवर्जून शिफारस करतो. यात विसंगती नाही. अनोळखी दारात पाऊल टाकणाऱ्याला पत्र लागते. आत गेल्यावर मात्र त्याचे जीवन हेच पत्र होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात हेच तत्त्व मांडले, की कामाची प्रतिष्ठा प्रथम ते करणाऱ्या माणसामुळे असते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच: ऐपत पाहून, पण संकोच न करता मुलांना ही परीक्षा देऊ द्यावी. मात्र निकालाच्या दिवशी ‘पास झालास का?’ याबरोबर ‘काम येते का?’ हेही विचारावे. तीन वर्षांनी कागदाची मुदत संपेल. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला रोज, आणि बहुधा कोणी पाहत नसताना, द्यावे लागणार आहे.