एका घरातली दोन ताटे

माझे अब्बा खवय्ये आणि अम्मी अल्पाहारी. निदान आम्ही भावंडे लहानपणापासून तसेच समजत आलो. अब्बांचे खाणे साऱ्या मोहल्ल्यात प्रसिद्ध होते. दावत कोणाचीही असो, दालचा-खान्याची दुसरी रकाबी संपली की ते तिसरीसाठी हात पुढे करीत, आणि यजमानाला धन्य वाटे. कोणी त्यांच्या मधुमेहाची आठवण करून दिली, तर हसून म्हणत, "दावत में परहेज कायका?" अम्मीचे नेमके उलट. सगळ्यांची जेवणे उरकली की ती चुलीपाशी बसे आणि उरलेली भाकरी चहात बुडवून खाई. नात्यातल्या बायका आपल्या सुनांना तिचे उदाहरण देत : "बघा, खाण्याची हाव म्हणून कशी ती नाही!"

1998 साली अब्बांच्या पायाची एक साधी जखम चिघळली आणि पायाची दोन बोटे काढावी लागली. त्याच पावसाळ्यात अम्मी पाणी भरता भरता चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सातवर आलेले. डॉक्टरांनी विचारले, "रोज जेवणात काय घेता?" अम्मी सहज म्हणाली, "जे उरतं ते."

या तीन शब्दांनी माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. मी ज्याला अम्मीचा संयम समजत होतो, तो संयम नव्हताच. संयम करायला आधी निवड करता यावी लागते. समोर भरलेले ताट असताना हात आवरणे हा संयम. ताटच न मिळणे ही वंचना. अब्बांनी शरीराला नको इतके दिले, अम्मीला हवे तेही मिळाले नाही. एकाला आम्ही शौकीन म्हटले, दुसरीला साध्वी. दोघांचीही तब्येत बिघडली, आणि ती एकाच घरात, एकाच दस्तरखानच्या दोन टोकांना बिघडली.

मग एतदाल, म्हणजे मध्यम मार्ग, नेमका कशाला म्हणायचे? आपल्याकडे त्याचा अर्थ 'कमी खाणे' एवढाच घेतला जातो. पण दीनच्या शिकवणुकीकडे नीट पाहिले तर अर्थ वेगळा दिसतो. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीस आपण सगळे सांगतो. कुरआनच्या सूरह आराफमध्येही खाण्यापिण्याची मोकळीक आणि अतिरेकाची मनाई एकाच आयतीत आलेली आहे. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांचा प्रसंग. ते रोज रोजा ठेवीत आणि रात्ररात्र इबादत करीत. पैगंबरसाहेबांनी त्यांना थांबवले आणि समजावले की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा आहे, तुझ्या पत्नीचा आहे. ही समज कोणा खादाडाला दिलेली नाही. चांगल्या कामातही स्वतःची आबाळ करणाऱ्याला दिलेली आहे. म्हणजे एतदाल हा 'कमी'चा हिशेब नसून 'हक्का'चा हिशेब आहे. ज्याचे जे देणे आहे ते त्याला देणे. त्यात आपले शरीरही आले, कारण ते आपली मालमत्ता नाही, अमानत आहे.

हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. 1037 साली निधन पावलेल्या इब्न सीना यांच्या वैद्यकात आरोग्य सहा गोष्टींवर तोललेले आहे : हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरात काय राहावे व काय बाहेर पडावे. माणसाचा मिजाज, वय, ऋतू पाहून हा तोल ठरवायचा. बारा तास माग चालवणाऱ्या कामगाराचे ताट आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याचे ताट सारखे कसे असेल?

आता विविधतेविषयी. कोणतेही एक धान्य माणसाला पुरे पडत नाही. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचे आम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मोहरमच्या खिचड्यात गहू, डाळी आणि मांस एकत्र शिजवणाऱ्या आपल्या आज्यांना ही नावे ठाऊक नव्हती, जोडी मात्र ठाऊक होती. अम्मीच्या आजारातही हेच होते. पालेभाजी-धान्यातले लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते. लिंबाची फोड पिळली की ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. अम्मी वर्षानुवर्षे भाकरी चहाबरोबर खात होती! जे थोडे पोटात जात होते, त्यातलेही पुरते अंगी लागत नव्हते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची 17 सूत्रे दिली, त्यांतले पहिलेच सूत्र विविध प्रकारचे अन्न खाण्याचे आहे.

कोणी म्हणेल, ही विविधता पैसेवाल्यांची चैन आहे. हा आक्षेप खोटा नाही. ज्याच्या चुलीवर एकच भांडे चढते, त्याला आहारशास्त्र सांगणे क्रूरपणाचे आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, विविधता म्हणजे सफरचंद आणि बदामच नव्हेत. आमच्या आजोळी बाजरीच्या शेतातच तूर, मटकी, हुलगा आणि कडेला अंबाडी असे. त्यामुळे गरिबाच्या ताटातही हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ आणि अंबाडीची भाजी आळीपाळीने येई. शेतात उसाचे एकच पीक आले, तसे ताटही एकसुरी झाले. दुसरी गोष्ट, ज्यांना निवड आहे त्यांची जबाबदारी मोठी. हिजरी 18 च्या दुष्काळात खलिफा हजरत उमर यांनी, लोकांना मिळत नाही तोवर, तूप आणि मांस वर्ज्य केले. त्यांचा परहेज स्वतःच्या प्रकृतीसाठी नव्हता. आपले ताट प्रजेच्या ताटाशी जोडलेले आहे, याची ती कबुली होती.

आपल्या घरातली ताटेही एकमेकांशी अशीच जोडलेली असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. हे आकडे वाचताना मला आमचेच घर दिसते : एका टोकाला अब्बा, दुसऱ्या टोकाला अम्मी.

रमजानमध्येही याचा विचार व्हावा. दिवसभर भूक ओळखायला शिकवणारा हा महिना. पण इफ्तारीला भजी-समोशांच्या ढिगाने आपण दिवसाची शिकवण तासाभरात विसरतो. त्या ढिगासाठी घरातल्या बाया असरपासून कढईपुढे उभ्या असतात आणि अजान होते तेव्हाही त्या उभ्याच असतात. दुसरीकडे, आजाऱ्याला कुरआनने दिलेली सवलत घ्यायला संकोचणारे रुग्ण आहेत. आणि आग्रह! पाहुण्याने 'बस' म्हटले की आपण कसम घालतो. ज्याला साखर वर्ज्य आहे त्याला प्रेमाने शीरखुर्म्याचा दुसरा वाडगा देणे, ही मेहमाननवाजी की त्याच्या शरीराच्या हक्कावर घाला?

आमच्या घरात बदल झाला तो एका साध्या गोष्टीने. अब्बा इस्पितळातून आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना भाकरीची संख्या ठरवून दिली होती. पहिल्या दिवशी ते ताटावर बसले, पण घास घेईनात. म्हणाले, "तुझी अम्मी कुठे आहे? तिला बोलवा. तिचंही ताट वाढा." अम्मी लाजली, 'मागून जेवते' म्हणाली. अब्बा ऐकेनात. शेवटी ती पदर सावरून बसली. दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, लिंबाची फोड. दोघांच्याही ताटात तेच, फक्त अब्बांच्या ताटात एक भाकरी कमी.

घास घेऊन अम्मी म्हणाली, "गरम भाजी किती वेगळी लागते!"

स्वतःच्याच हाताची भाजी होती ती. तीस वर्षे करीत आली होती. अब्बांनी मान खाली घातली. त्यानंतर ते हयात होते तोवर अम्मीचे ताट वाढल्याखेरीज त्यांनी पहिला घास घेतला नाही. साखरही ताब्यात राहिली. लोक विचारीत, "परहेज कसा जमला?" ते म्हणत, "आधी दुसऱ्याच्या ताटाकडं बघायचं. मग आपल्या ताटात किती घ्यायचं, ते आपोआप कळतं."